दादा बसल्याशिवाय खुर्ची जात नाही

दावा नाकारल्याचं पत्र आल्यापासून घरात सगळे त्या पत्राविषयीच बोलत होते. फक्त दादा आणि धाकटा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण झालं होतं म्हणावं, तर तेही नाही. भांडण परवडलं असतं. दोघं एकमेकांना इतके जपत होते की जेवताना मीठ हवं असलं तरी दादा वहिनीकडे मागायचा, आणि मिठाची वाटी धाकट्याच्या कोपराला लागून असायची. मग वहिनी धाकट्याला म्हणायची, "भाऊजी, मीठ." धाकटा डाव्या हाताने वाटी सरकवायचा आणि दादा ताटात बघत मीठ घ्यायचा.

पत्राची भाषा सरकारी होती, पण मतलब सरळ होता. काम करताना इजा झालेल्या कामगाराला भरपाई मिळते. दवाखान्याचा खर्च मिळतो, बरा होईपर्यंत पगाराचा बराचसा हिस्सा मिळतो, आणि हात पूर्वीसारखा झालाच नाही तर त्याचं वेगळं मिळतं. त्यासाठी कारखानदाराने विम्याचा हप्ता भरायचा असतो, आणि दादाने तो कधी चुकवला नव्हता. पण ही सोय कामगाराची, मालकाची नाही. आणि अर्जदार हा कामगार नसून मालक आहे असं खुद्द त्याच्या घरच्यांनीच सांगितलं असल्यामुळे दावा नामंजूर.

घरच्यांनी सांगितलं होतं, हे अगदी खरं. धाकट्याचा हात रंधा-मशीनमध्ये गेला त्या दिवशी तो आत ऑपरेशनच्या टेबलावर होता आणि बाहेर व्हरांड्यात सगळं गणगोत रडत उभं होतं. तिथे भरपाई कार्यालयाचा एक कारकून आला. भला माणूस असावा. त्याने हळूच विचारलं, "पेशंट तुमच्या कारखान्यात नोकर आहेत का?"

झालं. नोकर म्हटल्याबरोबर आईचं रडं थांबलं. "नोकर? माझा मुलगा आहे तो. बापाचा कारखाना आहे त्याच्या." वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "मालकच की. सगळे धाकटे मालक म्हणतात." पॉलिशवाला सोबत आला होता, त्याने पुरावाच दिला: "पाटीवर लिहिलंय साहेब, 'आणि बंधू'." आणि दादाने, शर्टावर भावाचं रक्त घेऊन उभ्या असलेल्या दादाने, नुसती मान डोलावली. कारकुनाने लिहून घेतलं आणि तो गेला. इतक्या मायेने कोणी कोणाचं नुकसान केलं नसेल.

शुद्धीवर आल्यावर धाकट्याला हे कळलं तेव्हा तो हसला होता. आता हसू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, बोटं वाचली, पण आतल्या दोऱ्या जोडलेल्या आहेत; रोज फिजिओकडे जाऊन व्यायाम घेतला तर मूठ वळेल, नाहीतर दोन बोटं जन्मभर अशीच ताठ राहतील. "मी बघतो," असं दादा म्हणाला होता. त्याचं बघणं म्हणजे काय, हे धाकट्याला पॉलिशवाल्याकडून कळलं. दादाने पट्टा-करवत विकायला काढली होती. सुताराच्या कारखान्यात पट्टा-करवत विकायची म्हणजे दात विकून जेवण आणायचं.

म्हणून धाकटीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, कोणाला न विचारता अपील केलं. आणि त्या अपिलाच्या चौकशीसाठी तपासनीस बाई आज सकाळी येणार होत्या.

स्वयंपाकघरात तालीम चालू होती. तालीम वहिनी घेत होती.

"म्हणा," ती दादाला म्हणाली, "हा माझ्याकडे कामाला आहे."

दादाने चहाचा कप खाली ठेवला. "हा माझ्याकडे..." तो थांबला. "हा माझ्याकडे असतो."

"असतो काय? मांजर आहे का ते? कामाला आहे म्हणा."

"तेच ते."

"तेच ते नाही. बाईंनी विचारलं, पगार देता का, तर?"

"तू देतेस."

"मी देते, कारण तुम्हाला लाज वाटते. शनिवार आला की तुम्ही बाकीच्यांना पाकिटं देता आणि भाऊजींचं पाकीट माझ्या हातात कोंबून बाहेर पळता. मग मी ते धाकटीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवते. इतकी वर्षं हा चोरीचा माल असल्यासारखा प्रकार चाललाय."

धाकटी भांडी विसळता विसळता म्हणाली, "पहिल्यांदा मला वाटलं होतं उंदराने आणून ठेवलं." एरवी या दोघी जावांचं मिठाच्या खड्यावरूनही पटायचं नाही. पत्र आल्यापासून मात्र त्या अशा काही एक झाल्या होत्या की घरातल्या पुरुषांना धडकी भरावी.

खिडकीशी आई वेत भिजवत बसली होती. खुर्च्यांच्या बैठकी ती विणायची, अजूनही. बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या, पण तिच्यासारखी घट्ट वीण त्या भागात कोणाला जमत नव्हती. तिने पाण्यातून वेत काढला आणि म्हणाली, "मी काही त्या बाईसमोर माझ्या पोराला नोकर म्हणणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"आई, खोटं नाही बोलायचंय," धाकटी म्हणाली. "खरंच बोलायचंय."

"खरं असलं म्हणून काय झालं? सगळंच खरं चारचौघांत सांगत नाहीत. आणि ह्याने बापाला शब्द दिलाय."

दादाने निवलेल्या चहावरची साय बोटाने बाजूला केली.

तो शब्द घरात सगळ्यांना ठाऊक होता. बाबा गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. शेवटच्या आजारात बाबांनी दादाचा हात धरून म्हटलं होतं, याला कोणाच्या हाताखाली राबू देऊ नकोस. बाबांनी स्वतः अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या कारखान्यात बोलणी खात काढलं होतं, म्हणून ते असं बोलले. दादाने हो म्हटलं. पुढे धाकटा मोठा झाल्यावर दादाने एकदा भागीदारीचा विषय काढला, तेव्हा धाकट्यानेच हात जोडले होते: "मला लाकूड दे दादा, कागद देऊ नकोस." हिशेबाचं नाव काढलं की तो उठून जायचा. मग दादाने निदान पाटी रंगवून घेतली, 'आणि बंधू' लिहून. त्या पाटीने दादाचं मन शांत झालं, आईचं झालं, गिऱ्हाइकांचं झालं. एका कारकुनाचं व्हायला नको होतं, त्याचंही झालं.

धाकटा दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याला सांगायचं होतं की मला काही वाटत नाही, म्हणा नोकर, शंभरदा म्हणा. पण खरं तर त्याला वाटत होतं. त्याहून जास्त वाटत होतं ते दादाचं. ज्या माणसाने त्याच्या हातात पहिली पटाशी दिली, त्याच्या तोंडून हे वदवून घ्यायचं म्हणजे त्याला मेलेल्या बापासमोर खोटं पाडायचं. हात गेला तर गेला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने ती दोन ताठ बोटं वळवून पाहिली. ती वळली नाहीत, आणि त्याला रडू कोसळेल असं वाटलं.

तपासनीस बाई आल्या त्या शिंकतच आल्या. कारखान्याच्या दारातच त्यांना तीन शिंका आल्या.

"माझं नाक सुतारकामाच्या विरोधात आहे," त्या रुमाल काढत म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

चाळिशीतल्या असतील. पायात सपाट चपला, खांद्याला जड पिशवी. बसायला दिलेली खुर्ची त्यांनी आधी नीट पाहिली, मग बसल्या. समोर दादा, धाकटा, दोघी जावा, दाराशी वेत मांडीवर घेऊन आई, आणि मागे काही काम नसताना एकच फळी पुन्हा पुन्हा घासणारा पॉलिशवाला. रंधा-मशीन कोपऱ्यात गोणपाट घालून झाकलं होतं. त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"सुरुवातीलाच एक सांगते," बाई म्हणाल्या. "अपघातात चूक कोणाची होती हे मी विचारणार नाही."

"माझी होती," दादा म्हणाला.

"माझी," धाकटा म्हणाला.

दोघं एकाच दमात बोलले, आणि दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं देव जाणे.

"नाही, मी..." दादाचा आवाज फाटला. "बाई, खरं सांगतो. गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी इथून ओरडलो, आटप रे लवकर. तेव्हाच ह्याचा हात गेला. मी हाक मारली नसती तर..."

धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणजे हे होतं. म्हणून मीठ वहिनीकडून.

"दादा," तो म्हणाला, "मला हाक ऐकूच आली नाही."

"काय?"

"मशीन चालू असताना कोणाची हाक ऐकू येते? तूच सांग. मी आखूड लाकूड घेतलं होतं. ढकलायचा ठोकळा समोर पडला होता, तो घ्यायचा कंटाळा केला. तूच शिकवलं होतंस ठोकळ्याशिवाय हात न्यायचा नाही म्हणून, आणि मी नेला. तुला काय तोंड दाखवायचं म्हणून मी गप्प होतो."

दादा बसायला काही शोधू लागला. भुशाचं पोतं हाताला लागलं, त्यावरच बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलू लागले. वहिनी पुढे झाली, पण धाकटीने तिचा हात धरला. धाकटा उठला, भावाजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर डावा हात ठेवून उभा राहिला. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. हात बरा होवो न होवो, आज ही बाई आली हे फार बरं झालं, असं त्याला मनापासून वाटलं.

तपासनीस बाईंनी त्यांना वेळ दिला. मग म्हणाल्या, "झालं? आता ऐका. हा जो कायदा आहे ना, त्याच्यात मला हीच एक गोष्ट आवडते. कंटाळा केला, घाई केली, कोणी ओरडलं, हे सगळं तो बाजूला ठेवतो. मुद्दाम स्वतःला इजा केली नाही ना? दारू प्यायला नव्हता ना? मग काम करताना लागलं एवढं पुरे. चुका सगळ्यांच्याच होतात. हात मात्र दोनच असतात."

"देव तुमचं भलं करो," आई दारातून म्हणाली. इतका वेळ ती या बाईकडे शत्रूकडे पाहावं तशी पाहत होती.

"भलं नंतर, आजी. आता अवघड भाग." बाईंनी पिशवीतून कागद काढले. "तुम्हीच सगळ्यांनी सांगितलंय की हे मालक आहेत. पाटी पण मी येताना वाचली."

"पाटी काय, पाटीवर रंग फासला की झालं," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकाला बरं वाटतं. समोरच्या दुकानाच्या पाटीवर 'आणि मुले' आहे. त्याला दोन्ही मुलीच आहेत, आणि त्या कधी दुकानात पाऊल टाकत नाहीत."

बाई हसल्या. "पगार कोण देतं?"

"मी," वहिनी म्हणाली. "म्हणजे हेच देतात, माझ्या हातून. ह्यांना लाज वाटते."

"कामाची वेळ कोण ठरवतं?"

"दादा," पॉलिशवाला फळी सोडून पुढे आला. "सगळ्यांची तेच ठरवतात. धाकटे मालकसुद्धा..." वहिनीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने जीभ चावली. "म्हणजे हे. हेसुद्धा वेळेवर येतात. उशीर झाला तर बोलणी खातात. आमच्यापेक्षा जास्त खातात, भाऊ आहेत ना."

"नफ्यात वाटा?"

"नाही," धाकटा म्हणाला. "मी घेतला नाही. मला हिशेब कळत नाही."

"काम नापसंत पडलं तर कोण सांगतं?"

यावर कोणाला काय बोलावं ते सुचेना, कारण उत्तर इतकं रोजचं होतं की ते उत्तर आहे असं कोणाला वाटलंच नाही. शेवटी पॉलिशवालाच म्हणाला, "दादा बसतात."

"कुठे बसतात?"

"खुर्चीवर, बाई. खुर्ची तयार झाली की दादा तिच्यावर बसतात. बसून डोळे मिटतात. पुढे-मागे होतात, दोन्ही बाजूंना झुकतात. मग एकतर म्हणतात 'पाठव', नाहीतर म्हणतात 'खोल'. दादा बसल्याशिवाय इथून खुर्ची जात नाही. मोठ्या मालकांपासूनची पद्धत आहे."

"आणि 'खोल' म्हणाले तर?"

"तर खोलायची," धाकटा म्हणाला. "सगळी. पाय काढायचे, सांधे साफ करायचे, पुन्हा जोडायची. चार दिवसांचं काम असलं तरी."

"वाद नाही घालत तुम्ही?"

"कशाला? तो म्हणाला खोल, म्हणजे काहीतरी असतंच. मला आधी दिसत नाही, खोलल्यावर दिसतं."

बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "आणि दादांनी केलेल्या खुर्चीवर तुम्ही बसता? तुम्ही कधी म्हणालात 'खोल'?"

धाकट्याला हसू आलं. "मी? दादाला?" असं काही त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दादाकडे तोंड केलं. "माझ्यापुरतं मला कळलं. पण तिथल्या कागदावर तुमची मान डोलावणं आहे. ते खोडायला मला तुमच्या तोंडचं वाक्य लागेल. हे तुमच्याकडे कामगार आहेत का?"

दादा पोत्यावरून उठला. त्याचे ओठ हलले. वहिनीचेही हलले, तालमीतलं वाक्य म्हणायला. पण दादाच्या तोंडून निघालं ते दुसरंच.

"मी बाबांना शब्द दिला होता," तो अखेर म्हणाला. "ह्याला कोणाच्या हाताखाली ठेवणार नाही म्हणून."

बाईंनी पेन कागदावरून उचललं. धाकट्याने खाली पाहिलं. सगळं इथेच अडणार होतं. त्याने मनाशी ठरवलं की आता आपणच सांगायचं: 'बाई, राहू द्या, आम्ही काय ते बघू.' त्याने तोंड उघडलंही.

पण त्याच्या आधी आई उठली. मांडीवरचा वेत खाली पडला, तो तिने पडू दिला.

"तो शब्द देताना मी तिथेच होते," ती दादाला म्हणाली. "तुझ्या बापाला म्हणायचं होतं, परक्याच्या हाताखाली नको. तुझ्या हाताखाली नको असं तो म्हणाला नव्हता. तू त्याच्या हाताखालीच शिकलास ना? मग ह्याने कोणाकडे शिकायचं होतं, हवेकडे? हाताखाली असण्यात कसलं कमीपण? आपण छपराच्याही खालीच असतो की. ते नसलं म्हणजे कळतं." मग ती बाईंकडे वळली. दोन्ही हात तिने पुढे केले, गाठी आलेले. "बाई, मीही इथे जन्म घालवला. मला कोणी विचारलं नाही, तू नोकर की मालकीण. माझी बोटं अशी झाली, ती कोणाच्या कागदावर नाहीत. माझं जाऊ द्या, माझी वीण अजून होते. ह्याची बोटं वळली पाहिजेत. त्या दिवशी व्हरांड्यात मी तोऱ्यात बोलले, ते खोडा. माझा हा मुलगा माझ्या त्या मुलाकडे कामाला आहे. लिहा."

वहिनीने तोंडाला पदर लावला. सकाळी पोराला नोकर म्हणणार नाही म्हणून बजावणाऱ्या सासूला तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

आईकडे पाहता पाहता दादाचा ताठ झालेला चेहरा सैल पडला. तो बाईंकडे वळला.

"हा माझ्याकडे कामाला आहे," तो म्हणाला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "पहिल्या दिवसापासून. मी सांगतो ते करतो, मी सांगतो त्या वेळेला येतो. मी खोल म्हटलं तर खोलतो. पगार मी देतो, बायकोच्या हातून देतो ते माझं चुकतं. आणि लिहून घ्या बाई, ह्याच्यासारखा कामगार मला दुसरा मिळाला नाही. ह्या कारखान्याचं नाव ह्याच्या हातावर आहे. तो हात मला परत पाहिजे."

धाकट्याला वाटलं होतं, हे वाक्य ऐकताना मान खाली जाईल. तसं काही झालं नाही. इतक्या वर्षांत दादाने त्याला 'पाठव' आणि 'खोल' यापलीकडे एक शब्द दिला नव्हता. आज एकदम एवढं दिलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने सगळ्यांसमोर पुसले.

बाईंनी लिहिलं, दादाला वाचून दाखवलं, सही घेतली. बाई पिशवी उचलत होत्या, तोच दादा भरात येऊन म्हणाला, "आता ह्याला भागीदारच करून टाकतो. आजच."

"मी हे ऐकलं नाही," बाई रुमाल नाकाला लावत म्हणाल्या. "आधी हात बरा होऊ द्या. तोवर कृपा करून हे प्रेम आवरा. तुमच्या प्रेमाने मला आधीच एक जादा खेप पडली आहे."

दावा मंजूर झाला. निरोप आला त्या दिवशी पट्टा-करवतीला गिऱ्हाईक आलं होतं. वहिनीने त्याला चहा पाजला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि करवत विकायची नाही म्हणून सांगून वाटेला लावलं. शनिवारी दादाने स्वतः पाकीट आणून धाकट्याच्या हातात दिलं. त्यात नेहमीचा पगार नव्हता, तो आता भरपाईत येत होता. नुसतं रिकामं पाकीट होतं. "सवय करतोय," दादा म्हणाला. धाकटीने ते पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवलं, आठवण म्हणून.

धाकटा रोज फिजिओकडे जाऊ लागला. ती मुलगी दिसायला चिमणीएवढी, पण बोटं वळवायला लागली की धाकट्याला सगळे पूर्वज आठवत. तरी तो एक दिवसही चुकला नाही. बसमध्ये जाता येता तो मूठ वळवून पाहायचा. आधी काहीच झालं नाही. मग एका सकाळी दोन ताठ बोटांपैकी एकाचं टोक तळव्याला टेकलं. बस भरलेली होती, आणि धाकट्याने शेजारच्या अनोळखी माणसाला हात दाखवला. त्या माणसाला काही कळलं नाही, पण त्याने बरं झालं म्हटलं.

पुढे डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली. तपासनीस बाईंनी फोनवर सांगितलं, मशीन नाही, ओझं नाही, पण कारखान्यात दुसरं काही जमण्यासारखं असेल तर जरूर द्या; रिकामा माणूस लवकर बरा होत नाही. घरात चर्चा झाली. आई म्हणाली, माझ्याजवळ वेत भिजवायला बसू दे. वहिनी म्हणाली, गिऱ्हाइकांशी बोलू दे. दादा उठून कारखान्यात निघून गेला.

धाकटा कारखान्यात आला तेव्हा रंधा-मशीनवरचं गोणपाट निघालं होतं, आणि ढकलायचा ठोकळा जाड दोरीने मशीनलाच बांधला होता. पॉलिशवाल्याने दात काढून नमस्कार केला. सगळीकडे ताज्या भुशाचा वास होता, आणि धाकट्याला वाटलं, किती दिवस आपण नीट श्वास घेतला नव्हता.

मधोमध एक खुर्ची ठेवली होती, बिनपॉलिशची. तिच्या शेजारी दादा उभा होता. कपड्यांवर भुसा, केसांत भुसा.

"मी केली," दादा म्हणाला. "तू नव्हतास म्हणून. बऱ्याच वर्षांनी केली."

"छान आहे."

"छान आहे काय? बस."

धाकट्याला कळेना. "मी?"

"हलकं काम द्यायला सांगितलंय ना बाईंनी? बसण्याहून हलकं काम माझ्याकडे नाही. आजपासून खुर्ची तू बसल्याशिवाय जाणार नाही. बस म्हणतो ना. मालक सांगतोय."

पॉलिशवाल्याचा कुंचला थांबला. दाराशी आईनेही वीण थांबवली.

धाकटा बसला. उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. चार बोटांनी लाकूड धरलं, दोन बोटांनी घट्ट, उरलेल्या दोन बोटांनी जमेल तसं. त्याने डोळे मिटले. पुढे झाला, मागे झाला. उजवीकडे झुकला, मग डावीकडे. एक अगदी बारीक हालचाल झाली, आतल्या आत. पुन्हा झुकला. पुन्हा तीच.

त्याने डोळे उघडले. दादा त्याच्याकडे बघत होता, आणि दादाच्या चेहऱ्यावर जे होतं ते धाकट्याने आजवर फक्त आरशात पाहिलं होतं: काम चांगलं झालं असेल ना, अशी धाकधूक. क्षणभर त्याला वाटलं, पाठव म्हणावं. एवढंसं तर आहे. पण मग ते बसणं कसलं?

"दादा," तो हळूच म्हणाला. "खोल."

दादाने एक मोठा श्वास सोडला. मग तो हसला, बाबा गेल्यापासून हसला नव्हता असं पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. त्याने खुर्ची उलटी केली, लाकडी हातोडा घेतला आणि तिच्यापुढे मांडी घालून बसला.

"कुठला पाय?"

"मागचा डावा," धाकटा म्हणाला. तो शेजारी खाली बसला आणि दुखऱ्या हाताने त्याने खुर्ची धरून ठेवली. "सावकाश कर, दादा. घाई नाही."